मापाचं ब्लाउज

वहिनीच्या खोलीत दारामागं एक लांब खिळा आहे. त्या खिळ्याला सुतळीत ओवलेले कागद लटकतात. कुणाच्या पाठीचा कागद, कुणाच्या बाहीचा, कुणाच्या गळ्याचा. पक्के झालेले खाकी कागदाचे, कच्चे नुसत्या वर्तमानपत्राचे. गेल्या वैशाखात वहिनी गेली. नंतरच्या दिवसांत नात्यातल्या बायकांनी तिच्या साड्या वाटून घेतल्या, रीतसर, कुणी नाराज होणार नाही अशा बेतानं. कागदांकडं कुणाचं लक्ष गेलं नाही. शेवटी एकीनं विचारलं, "हे रद्दीत घालायचे का?" मी म्हटलं, राहू द्या.

माझी सगळी नोकरी एका कॉलेजच्या ग्रंथालयात झाली. छापलेला कागद समोर आला की वाचायचा, ही सवय सुटत नाही. उन्हाळा सरल्यावर मी ते कागद एकेक करून वाचले. माझ्या पाठीच्या कागदावर कापसाच्या भावाची बातमी आहे. भाव वाढले की पडले ते कळत नाही, कारण बाही जोडायच्या गोलाईत, म्हणजे शिवणाऱ्या बायका ज्याला मुंढा म्हणतात तिथं, बातमीचा शेवट कापला गेला आहे. आईच्या बाहीवर एका हरवलेल्या माणसाची जाहिरात आहे. काही कागद उर्दू वर्तमानपत्राचे आहेत, ते आमच्या बोळातल्या शिंपीमास्तरांनी दिलेले. त्यावरचं मला वाचता येत नाही, पण आकार पाहिला की बाई कोण ते ओळखू येतं.

मला त्यातल्या एका कागदाबद्दल लिहायचं आहे. तो वहिनीनं स्वतःसाठी बेतला, छातीचं ऑपरेशन झाल्यावर. पदर कमरेला खोचून, दोन्ही हात मोकळे ठेवून, तिला पुन्हा आपल्या टेबलाशी उभं राहता येणार की नाही, हे त्या कागदावर ठरायचं होतं. पण तो कागद कळण्यासाठी आधी आमच्या घरातलं मापाचं ब्लाउज कळायला हवं.

त्या काळी आमच्या औरंगाबादेत शिंपी बायकांच्या अंगाला टेप लावत नसत. ब्लाउज शिवायचं तर अंगाला बरं बसणारं एखादं जुनं ब्लाउज नव्या कापडात गुंडाळून न्यायचं. शिंपी ते पालथं घालायचा आणि त्यावरून नवं बेतायचा. आमचे मास्तर वयस्क मुसलमान गृहस्थ होते. गुलमंडीकडं निघणाऱ्या बोळात त्यांचं दुकान. बाई दुकानाशी आली की त्यांची मान खाली, आणि पुढचं सगळं बोलणं कापडाशी. "नाप का लाए क्या?" एवढाच त्यांचा प्रश्न. आपण गाठोडं पुढं सरकवायचं.

आमच्या घरात मापाचं ब्लाउज एकच होतं. आईचं, मूळचं मोरपंखी, धुऊन धुऊन राखाडी झालेलं. मी मोठी झाले तेव्हा माझ्यासाठीही तेच जायला लागलं, फक्त सोबत निरोप असायचा, "यापेक्षा दोन बोटं घट्ट." मावशी राहायला आली की तिच्यासाठी "चार बोटं सैल." त्या एका ब्लाउजावरून घरातल्या सगळ्या बायकांची अंगं मास्तर ओळखून होते, किंवा तसं आम्हाला वाटत होतं.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. कन्नडजवळच्या एका खेड्यातून लग्न होऊन ती आमच्या औरंगपुऱ्यातल्या घरी आली तेव्हा मी कॉलेजात शिकत होते. घरात आई, दादा आणि मी. वहिनी मॅट्रिक झालेली होती आणि कन्नडला बायकांच्या शिवणवर्गात थोडंफार शिकलेली होती. सुरुवातीचे दिवस ती फार बोलत नसे. बघत मात्र असायची. एका दुपारी आम्ही गहू निवडत बसलो होतो, तेव्हा तिनं हळूच विचारलं,

"वन्सं, एक विचारू का? रागावू नका."

"विचार की."

"तुमच्या घरात सगळ्याच बाया डावा खांदा वढत्यात. ती काय रीत हाय का घरातली? मंजी मलाबी करावी लागंल का?"

आई पलीकडं ताक घुसळत होती. "कोण ओढतं खांदा?" तिनं विचारलं, आणि विचारता विचारता डाव्या खांद्यावरचं ब्लाउज पुढं ओढून घेतलं. वहिनीनं तोंडाला पदर लावला. मी हसायला लागले आणि हसतानाच माझ्या लक्षात आलं, की माझा हातसुद्धा डाव्या खांद्यावर गेला आहे.

त्याच दुपारी तिनं ते राखाडी ब्लाउज मागून घेतलं, उलटं केलं आणि जमिनीवर पसरलं. डाव्या खांद्याची शिवण कधीकाळी उसवली होती. आईनं ती हातानं शिवली होती, पुन्हा उसवू नये म्हणून जरा जास्त कापड आत घेऊन. त्यामुळं तो खांदा बोटभर आखूड झाला होता. आणि मास्तरांनी तो आखूड खांदा अत्यंत इमानानं पुढच्या प्रत्येक ब्लाउजात उतरवला होता, आईच्या, माझ्या, मावशीच्या. आम्ही प्रत्येकीनं मनाशी धरलं होतं, की आपलाच खांदा तिरका आहे. मला तर वाटायचं, पुस्तकं धरून धरून तो तसा झाला असेल. कॉलेजात मी वह्या छातीशी घेऊन, त्या बाजूनं जरा अंग चोरून चालत असे.

आईला राग आला. "इतकी वर्षं याच मापानं शिवतोय. कुणाचं काही अडलं नाही."

"नाय अडलं, आत्याबाई," वहिनी म्हणाली. "पर माप कशाचं घ्यायचं? अंगाचं, का ब्लाउजाचं?"

त्या दिवशी ताक फार वेळ घुसळलं गेलं.

दुसऱ्या दिवशी वहिनी मला सोबत घेऊन मास्तरांकडं गेली. ब्लाउज उलटं करून तिनं त्यांच्या पुढ्यात ठेवलं. "मास्तर, हा खांदा बघा बरं."

मास्तरांनी खांद्याकडं पाहिलं. "हौ. छोटा है. मेरेकू मालूम है."

"मालूम हाय, तर मग सांगितलं का नाय?"

"नाप में छोटा था, तो छोटा बनाया," मास्तर कापडाला म्हणाले. "घर की पसंद होगी, समझा. मैं कायकू बीच में बोलूं?"

वहिनी इतकी हसली, की मास्तरांनीही मान खाली ठेवूनच हसून घेतलं. मग त्यांनी मागच्या फळीवरून जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा काढला. अंगाचं माप आपण घेऊ शकत नाही, ते म्हणाले, पण घरातली बाई घेऊ शकते. ते कागदावर उतरवून आणलं तर आपण त्या कागदाबरहुकूम शिवून देऊ. तिथून ते सुरू झालं. पहिली काही वर्षं वहिनी कागद कापायची आणि मास्तर ब्लाउज शिवायचे. नंतर दादानं पायमशीन आणलं आणि ती स्वतःच शिवायला लागली. तरी दिवाळीला नवा कागद ती मास्तरांना दाखवायला न्यायची. ते तो डोळ्यांपाशी धरायचे आणि "नक्को, यहां से थोडा" असं म्हणून नखानं एखादी खूण करून द्यायचे.

तिची माप घ्यायची पद्धत मला आजही डोळ्यांसमोर दिसते. गळ्यात टेप, कानामागं निळी पेन्सिल. "सरळ उभ्या राहा वन्सं. नेहमीसारख्या सरळ. फोटोला राहतात तशा नाय." मग ती थांबायची. अंग सैल होईपर्यंत काहीतरी भलतंच विचारत राहायची, आज ग्रंथालयात कोण आलं होतं, भाजी काय करू. माणूस बोलायला लागला की खांदे आपल्या जागी येतात, आणि तेवढ्यात टेप लागलेला असायचा. स्वतःच्या पाठीचं माप मात्र कुणालाच घेता येत नाही. तिची पाठ मी मापायची आणि माझी ती. इतक्या वर्षांत मी शिवण शिकले नाही, पण पाठ मापायला शिकले.

कागदाचे तुकडे ती आधी अंगावर टाचण्यांनी लावून पाहायची. कापड ताणलं जातं, सांभाळून घेतं, कागद सांभाळून घेत नाही, फाटतो. तो कुठं फाटतो यावरून तिला कळायचं, की कुठं जागा सोडायला हवी. मग मांजरपाटाचं एक कच्चं ब्लाउज, धावदोऱ्यानं शिवलेलं. ते आपण उलटं घालून उभं राहायचं आणि ती तोंडात टाचण्या धरून भोवती फिरायची. तोंडात टाचण्या असल्यानं बोलणं बंद. "हं" म्हणजे वळा, "उंहूं" म्हणजे हलू नका. ते पटलं की खाकी कागद, आणि खाकी कागद खिळ्याला गेला की ते माप पक्कं.

तिनं बेतलेलं पहिलं ब्लाउज मी कॉलेजात घालून गेले त्या दिवशी काहीच घडलं नाही. संध्याकाळी घरी येऊन चप्पल काढताना लक्षात आलं, की दिवसभरात आपल्याला खांद्याची आठवण झाली नाही. तिला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "अंग चुकत नाय वन्सं. कागद चुकतो."

हे वाक्य, आणि आमच्या खांद्याची गोष्ट, ती पुढं सगळ्यांना सांगायची. बाळंतपणानंतर सैलावलेल्या बाईला, कुबड आलेल्या शेजारणीला, आपल्या दंडांची लाज वाटणाऱ्या कॉलेजातल्या मुलीला. लोक अंगाबद्दल बोलायला लागले की तिला ते आवडत नसे. ती लगेच कागदाबद्दल बोलायला लागायची. मी पुस्तकांच्या सहवासात आयुष्य काढलं, पण माणसाच्या शरीराकडं इतक्या निर्मळ नजरेनं पाहणारं दुसरं कुणी मला भेटलं नाही.

पुढं बाहेरच्या खोलीत तिचा वर्ग सुरू झाला. जुन्या दाराच्या फळ्यांचं दादानं एक लांबरुंद टेबल करून घेतलं. गल्लीतल्या मुली यायच्या, मुकुंदवाडीहून यायच्या, फुलंब्रीहून एसटीनं यायच्या. वहिनी टेबलाच्या डोक्याशी उभी राहायची, पदर पाठीवरून फिरवून कमरेला खोचलेला. कापायचं तर एका हातात कात्री, दुसरा हात कापडावर सपाट. पदर सावरायला तिसरा हात नसतो. आणि तिचा फळा म्हणजे तिचं स्वतःचं अंग. खडू घेऊन ती आपल्याच ब्लाउजावर रेघ ओढायची. "हा खांद्याचा मध्य. हितनं सरळ खाली या. टक्स हितं सुटतो. दिसला का?" संध्याकाळी तिचं ब्लाउज खडूच्या रेघांनी भरलेलं असायचं.

अशी बरीच वर्षं गेली. मग तिच्या डाव्या छातीत गाठ निघाली. दवाखाना, तपासण्या, ऑपरेशन. ती बाजू काढून टाकावी लागली. ती घरी आली तेव्हा डावा हात खांद्याच्या वर जात नव्हता. रोज सकाळी भिंतीला तोंड करून उभी राहायची आणि बोटं मुंगीसारखी वर वर चालवायची. कालच्या जागेच्या वर गेली की निळ्या पेन्सिलीनं भिंतीवर बारीक खूण. त्या खुणा अजून आहेत. रंग देताना आम्ही तेवढी भिंत सोडतो.

मुली चौकशीला यायच्या. आई त्यांना दारातूनच परत पाठवायची, अजून थोडे दिवस जाऊ द्या म्हणून. वहिनी आत बसलेली असायची, दोन्ही खांद्यांवरून पदर घेतलेला आणि त्याचं टोक उजव्या मुठीत धरलेलं. एकदा दादा म्हणाला, "बसून शिकव ना. पदर घेऊनच शिकव. कोण काय म्हणणार आहे?"

"बसून बेतता येत नाय," ती म्हणाली. दादा गेल्यावर माझ्याकडं वळली. "एका हातानं पदर धरला तर कात्री कशी चालवायची, वन्सं? अन् सोडला तर पोरी बघतील. बघंनात का. पर त्यांनी कापडाकडं बघायचं का माझ्याकडं? मन उडतं हो पोरींचं." मग थोड्या वेळानं, अगदी साध्या आवाजात, "पदर खोचून उभं राहता आलं तर वर्ग. नायतर टेबल काढून टाकू. जागा अडती."

त्या टेबलाशिवाय ती खोली कशी दिसेल, याचा मी विचार केला नाही. करवला नाही.

तिनं खिळ्यावरून आपला स्वतःचा खाकी कागद काढला. डाव्या बाजूचा टक्स, म्हणजे छातीशी कापडाला घेतात ती चिमटी, मिटवला, बाजूनं थोडं कमी केलं आणि मांजरपाट बेतला. आत ठेवायला मऊ कापडाची पिशवी केली आणि तिच्यात कापूस भरला. कापूस हलका, तो वर चढायचा. मग आईनं स्वयंपाकघरातून मोहरीचा डबा आणून ठेवला. मोहरी भरल्यावर वजन बरोबर आलं, बसलीही छान. पण ब्लाउज बसेना. हुकांची पट्टी मधोमध राहायच्या ऐवजी उजवीकडं ओढली जायची. डावीकडं गळ्याचं कापड उभं राहायचं, वाकलं की आतलं दिसायचं. तिनं तोच कागद आणखी कमी केला, पुन्हा मांजरपाट. आता मुंढा काचायला लागला, जखमेच्या कडेलाच. पुन्हा तोच कागद, कुठं चिकटपट्टी, कुठं काप. दुपारमागून दुपार मी समोर उभी राहून "हं" आणि "उंहूं" ऐकत होते. आता टाचण्या माझ्या हातात होत्या, तरी तिचं बोलणं तेवढंच.

एका दुपारी तिनं ते कच्चं ब्लाउज काढून टेबलावर टाकलं आणि पदर घेऊन खाली बसली. "अंगच वाकडं झालंय," ती म्हणाली. "त्याला कागद काय करंल?"

तिच्या तोंडून असं काही मी कधीच ऐकलं नव्हतं.

आई कॉटवर वाती वळत बसली होती. तिचं वय झालं होतं आणि ती आमच्याकडं बघत नाही असंच वाटायचं. हातातली वात पुरी करून तिनं विचारलं, "तो कागद कुणाच्या मापाचा गं?"

"माझ्याच, आत्याबाई."

"कधीचा?"

वहिनीनं टेबलावरच्या कागदाकडं पाहिलं.

"नवी नवरी असताना मला शिकवायला आली होतीस ना, माप अंगाचं घ्यायचं का ब्लाउजाचं म्हणून? मग हे काय आहे? हे तुझं मापाचं ब्लाउजच की. कागदाचं आहे, एवढंच." आईनं चष्मा वर सारला. "अंग चुकत नाही म्हणतेस साऱ्या गावाला, आणि घरात येऊन हे. आण तो टेप इकडं." आणि बोलता बोलता आईनं डावा खांदा ओढला. तिचं ब्लाउज कित्येक वर्षं वहिनीनंच बेतलेलं होतं आणि चोख बसत होतं. सवय तेवढी राहिली होती.

वहिनीला हसू फुटलं. दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदा. एका हातानं कूस दाबून ती म्हणाली, "हसवू नका हो आत्याबाई, वढ बसती हितं."

आम्ही दार लावून घेतलं. वहिनी पदर काढून उभी राहिली. आईनं टेप धरला. तिची नजर हलली नाही. ज्या जागेकडं आम्ही सगळे इतके दिवस न बघता वावरत होतो, तिथं तिनं टेप ठेवला, वाकून आकडा वाचला आणि मोठ्यानं सांगितला, बाजारात भाव सांगावा तसा. आधी उजवी बाजू, मग डावी. उजवा खांदा, डावा खांदा. उजवा मुंढा, डावा मुंढा. दंडावर सूज होती, तोही दोन्ही बाजूंनी मापला. मी वर्तमानपत्राच्या कडेला आकडे लिहीत होते. पाठीची वेळ आली तेव्हा आईनं टेप माझ्या हातात दिला. "हे तुझं काम."

शिवणारे लोक कागद मधोमध दुमडतात. निम्मं अंग आखायचं, कापायचं आणि कागद उलगडायचा, की दुसरी बाजू आपोआप पहिलीसारखी निघते. खिळ्यावरच्या सगळ्या जुन्या कागदांवर ती मधली घडी आहे. त्या दिवशी वहिनीनं टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, सवयीनं त्याची कड उचलली, हात तसाच राहिला, आणि मग तिनं कड परत खाली ठेवली. कागद दुमडला नाही. उजवा भाग निराळा आखला, डावा निराळा. डावा मुंढा खाली उतरवला म्हणजे जखमेला लागणार नाही. डावी बाही सैल. गळ्याच्या कागदाला डावीकडं एक बारीक चिमटी घेतली, त्यामुळं उभं राहणारं कापड बसलं. हुकांची पट्टी तिनं सर्वांत शेवटी ठरवली, टेपवरच्या मध्यावर नाही तर आरशात पाहून. आतल्या बाजूनं मोहरीच्या पिशवीसाठी खिसा. पिशवी काढता येईल, धुता येईल.

धुण्यावरून आठवलं. पुढं एकदा ती पिशवी मोहरीसकट भिजली आणि दोन-तीन दिवसांनी शिवणीतून हिरवे मोड डोकावायला लागले. वहिनी ती आईपुढं घेऊन गेली. "आत्याबाई, भाजी आली. निवडून द्या." त्या दोघींना हसताना पाहून दादा खोलीत येता येता मागं फिरला.

मांजरपाट या वेळी बसला. अगदी निर्दोष नाही. डाव्या काखेखाली एक चुणी राहिली, ती शेवटपर्यंत पुरती गेली नाही. पण हुक मधोमध राहिले, वाकलं तरी गळा अंगाला धरून राहिला. ती कितीदा तरी वाकली, पुन्हा पुन्हा, खाली काहीतरी पडल्यासारखी.

वर्ग पुन्हा भरला त्या सकाळी मला कामावर जायला उशीर झाला, कारण मी आतल्या दाराशी उभी होते. मुली टेबलाभोवती होत्या. वहिनी बाहेर आली. फिकट अबोली रंगाचं ब्लाउज, पदर पाठीवरून फिरवून कमरेला पक्का खोचलेला. सगळ्या मुलींनी माना खाली घातल्या, अगदी शिंपीमास्तरांसारख्या. फुलंब्रीची एक मुलगी होती, जिभेला हाड नसलेली. ती तेवढी टक लावून बघत राहिली.

"काय बघती गं?" वहिनीनं विचारलं.

"बाई, तुमचा डावा मुंढा खाली हाय. उजव्याशी जुळत नाय."

शेजारच्या मुलीनं तिला कोपर मारलं. आत आईच्या हातातलं भांडं वाजायचं थांबलं.

"व्हय," वहिनी म्हणाली. "का जुळत नाय?"

"काय ठाव. चुकला आसंल."

"चुकला का बरोबर हाय, माप घेतल्याबिगर कसं कळंल?" तिनं गळ्यातला टेप काढून मुलीच्या हातात दिला आणि दोन्ही हात जरा बाजूला करून उभी राहिली. "घे. दोन्हीकडचं घे. अन् मोठ्यानं वाच, सगळ्यांना आयकू येऊ दे."

मुलीचा चेहरा उतरला. पण तिनं टेप लावला. पहिले आकडे पुटपुटल्यासारखे आले. डाव्या बाजूला पोचेपर्यंत आवाज नेहमीचा झाला होता. शेवटी ती म्हणाली, "बाई, बरोबर हाय. कागद तुमच्यासारखाच हाय." आणि मग आपण काय बोललो ते कळून तिनं जीभ चावली.

"आता बाकीच्यांनी एकमेकींची मापं घ्या," वहिनी म्हणाली. "दोन्ही बाजूंची. ज्या पोरीच्या दोन्ही बाजू सारख्या निघतील, तिनं कागद दुमडायचा. बाकीच्यांनी नाय."

त्या दिवशी एकाही मुलीनं कागद दुमडला नाही. माना वर झाल्या होत्या, सगळ्या कुणाचा कुठला खांदा उतरलेला आहे यावरून एकमेकींना चिडवत होत्या. वहिनीनं खडू घेतला आणि अबोली ब्लाउजावर पहिली रेघ ओढली. मी ग्रंथालयात गेले. आतमध्ये भांडं पुन्हा वाजायला लागलं होतं.

त्यानंतर तिनं पुष्कळ वर्षं शिकवलं. कधी कधी वर्ग सुटल्यावर एखादी बाई यायची, कन्नडकडची, कुठली कुठली, कुणाच्या तरी ओळखीनं. पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला आणि टोक मुठीत. तिला काही सांगावं लागत नसे. वहिनी दार लावून घ्यायची आणि पाठ मापायला मला हाक मारायची. म्हाताऱ्या मास्तरांनीही एकदा आपल्या सुनेला पाठवलं होतं, उर्दू वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यासोबत. खिळ्यावर ज्या कागदांना मधली घडी नाही, ते त्या बायकांचे. एका बाजूला ओवलेले आहेत. मी मोजले नाहीत.

वहिनी गेली ती त्या दुखण्यानं नाही. वयानं आणि हृदयानं गेली. आई तिच्या कितीतरी आधी गेली होती. आता घरात दादा आणि मी. हल्ली माझी ब्लाउजं नीट बसत नाहीत. गळा पुढून लोंबतो, पाठ वर उचलली जाते. मी खिळ्यावरून माझा खाकी कागद काढला, अंगाला लावून पाहिला. तो माझा राहिलेला नाही. आणि पाठीचं माप मला घेता येत नाही.

परवा मी मुकुंदवाडीला गेले. स्टेशनाकडं जाणाऱ्या रस्त्याला त्या फुलंब्रीच्या मुलीचं दुकान आहे. तिलाही आता चष्मा आहे, केस पिकले आहेत, हाताखाली दोघी-तिघी शिवतात. मला पाहून ती मशीनवरून उठली. डोळे पुसून म्हणाली, "आत्या, मापाचं ब्लाउज आणलं का?"

"नाही आणलं."

"वाचले मी. आणलं असतं अन् म्या घेतलं असतं, तर बाईंनी वरून टाचण्या फेकून मारल्या असत्या." तिनं टेप गळ्यातून काढला. "उभ्या राहा. सरळ. नेहमीसारख्या."

मी उभी राहिले. ती माझ्यामागं गेली आणि विचारलं, दादांची तब्येत कशी आहे, आज जेवायला काय केलं. मी सांगायला लागले. सांगता सांगता पाठीवर टेप टेकल्याचं जाणवलं.

"डावा खांदा उतरलाय तुमचा, आत्या," ती म्हणाली. "आता खरंच उतरलाय."

मग तिनं टेबलावर वर्तमानपत्र पसरलं. दुमडलं नाही. पदर पाठीवरून फिरवून कमरेला खोचला आणि पेन्सिल उचलली.